रेवामायची उडी

"आणि ही उडी? ही कशी वाटली, माय?"

कपिलने पान पुढे सरकवलं. चौकटीत रेवामाय पुराच्या पाण्यात झेपावत होती. पदर झेंड्यासारखा फडफडतोय, डोळ्यांत वीज, हात पोहणाऱ्यासारखे ऐटीत पुढे, खाली ठळक अक्षरांत 'धडाम्!'

सात वर्षांचा कपिल नदीत वाहून चालला होता, तेव्हा काठावरच्या मठीत राहणारी ही संन्यासिनीच धावत आली होती. आता तो शहरात चित्रकथा काढायचा, बक्षिसं मिळवायचा आणि त्या बक्षिसांबद्दल सगळ्यांना सांगायचा. सुट्टीत मात्र तिच्या पायाशी येऊन बसायचा. या वेळी तिचीच चित्रकथा घेऊन आला होता.

रेवामायने पान डोळ्यांपासून लांब धरलं. तिचे खांदे हलायला लागले. मग ती इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"ही बाई तर पोहते की रे!"

"मग? तू पोहूनच तर मला बाहेर काढलंस."

"मला कुठं पोहता येतं?"

कपिलने पान तिच्या हातातून परत घेतलं.

"...येत नाही?"

"अजूनही नाही."

"मग उडी का मारलीस?"

"तू ओरडत होतास ना."

कपिलने पेन्सिल कानामागे खोचली, परत काढली.

"असं चालत नाही, माय. चित्रकथेचे नियम असतात. नायिकेला पोहता आलंच पाहिजे. नाहीतर ती वाचवणार कशी?"

"पाण्यात पडल्यावर मलाही हेच वाटलं!" तिला पुन्हा हसू फुटलं. "नाकातोंडात पाणी. तुझी चड्डी हाताला लागली, ती धरली. तू माझा अंबाडा धरलास. आणि पाय असे झाडत होतास..."

तिने बसल्या जागी पाय झाडून दाखवले. शेजारचा तांब्या लवंडला. कपिलही पोट धरून हसला.

हसता हसता थांबला.

"म्हणजे, मीच तुला..."

"गप. पुढं ऐक. उंबराचं मूळ सापडलं. त्याला धरून आलो वर."

कपिलने खोडरबर घेतलं. वीज पुसली. झेंडा पुसला. ते ऐटदार हातही पुसले.

कोऱ्या झालेल्या चौकटीत त्याने आधी मूळ काढलं, जाडजूड. तिथे पेन्सिल अडली.

"माय, मुळाला हात कुणाचा होता? तुझा की माझा?"

रेवामायने डोळे मिटले...

"आठवत नाही, बाबा. कुणाचाही काढ. पण घट्ट काढ."