मधली पट्टी

एका गावात एक म्हसू लोहार होता. हात सोन्याचा, पण डोकं भट्टीतलं. कुणी वाकडं बोललं की हातातला हातोडा खाली पडायचा आणि तोंड सुटायचं.

ह्या म्हसूनं भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर काढून एक रेल्वेचं इंजिन बनवलं. करडाएवढं. वर धुराडं, मागं लाकडी चाकांचे तीन डबे. भैरोबाच्या जत्रेत देवळामागं तो रूळ मांडायचा आणि बॅटरीवर गाडी फिरवायचा. माणसं पाळणा सोडून तिकडं पळायची.

रूळ तीन पट्ट्यांचे. कडेच्या दोन लोखंडी, म्हसूच्या. मधली तांब्याची, ती गावातल्या पैसेवाल्या बन्सीशेटची. वीज यायची मधल्या पट्टीतनं. इंजिनाच्या पोटाखाली एक पितळी जीभ लोंबत होती, ती वीज चाटायची. मग चाकांतनं ती वीज कडेच्या दोन्ही पट्ट्यांवर उतरून माघारी जायची. मधली पट्टी नाही, तर गाडी मेली.

शेटला हे पक्कं ठाऊक. म्हणून जत्रेत पाटी त्याच्या नावाची. गाडी सोडायची कधी ते तो सांगणार. पुढं कोण बसणार, मागं कोण उभं राहणार, तेही तोच.

एका वर्षी रूळ मांडून झाले आणि शेटनं पटांगणात दोरी बांधायला घेतली.

"खालच्या आळीची पोरं ह्या दोरीच्या पलीकडं," शेट म्हणला. "म्होरं गर्दी नको."

म्हसू खालच्या आळीतलाच. "शेट, गाडी बनवली खालच्या आळीनं. आन बघायची पाठनं?"

"गाडी तुझी रे बाबा. पट्टी कुणाची?"

झालं. म्हसूनं पहार घेतली. मधली पट्टी ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत उपटली आणि शेटच्या पायाशी नेऊन आदळली.

"ही घे तुझी पट्टी! माझी गाडी आता दोनांवर पळंल. न्हाय पळाली तर इंजिन तुझ्या दारात आणून ठेवीन, आन पुन्यांदा हातोडा धरणार न्हाय!"

सगळं गाव ऐकत होतं. जत्रा तोंडावर आलेली.

दुपारी डोकं निवलं, तेव्हा आपण काय बोलून बसलो ते म्हसूला कळलं. शेजारचा कोंडिबा म्हणला, "आरं, तांब्याची गेली तर जाऊ दे. आपली लोखंडाची टाक की मधी."

"मधी काय बी टाकलं की त्याला धनी फुटतोच," म्हसू म्हणला. "आज शेट हाय. उद्या मीच शेट हुईन. मधली नगंच."

त्यानं बॅटरीची एक तार एका पट्टीला लावली, दुसरी दुसरीला. इंजिन रुळावर ठेवलं. चट्! ठिणगी उडाली. तार तापली, जळका वास सुटला. तारा उलट्या केल्या. पुन्हा चट्! इंजिन जागचं हललं नाही. म्हसूनं इंजिनाला अशा शिव्या घातल्या की झाडावरचे कावळे उठले.

ही बातमी शेटला लागायला किती वेळ? तो आला, आणि अगदी मधाळ बोलला.

"म्हसबा, रागात निघून जातं तोंडातनं. मी मनावर घेत न्हाय. माझ्या पट्टीला काळा रंग देऊ, वर थोडा भुसा पसरू. इंजिनाची जीभ तिला लागंल, पर लोकांस्नी दोनच पट्ट्या दिसतील. तुझा शब्द राहील, माझी दोरी राहील. कुणाला कळतंय?"

म्हसू इंजिनापाशी खाली बसला. खोटं कशाला बोलायचं, मन डळमळलं त्याचं. इंजिन शेटच्या दारात, आणि आपण हातोडा सोडून बसलोय, हे त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं. मग तो उठला.

"लोकांस्नी दोन दिसतील, शेट. पर मला तीनच दिसत्याल. चला, व्हा चालते."

शेट गेला. म्हसूची बायको ठकू उंबऱ्यात कांदा चिरत होती. ती म्हणली, "वरडण्यापरीस त्या इंजिनाच्या पोटाकडं बघा की जरा."

"काय बघू?"

"दोन भांडखोर जावा तुमी एका दांड्याला बांधल्यात. भडका उडंल न्हाय तर काय? घाला मधी आडभिंत."

म्हसूनं इंजिन उलटं केलं. ह्या बाजूला चाक, त्या बाजूला चाक, मधी सलग लोखंडी आस. आधी दोन्ही कडेच्या पट्ट्या माघारीच्याच, म्हणून चालून गेलं. आता एकीतनं वीज येणार, दुसरीतनं जाणार. ती चाकातनं आसात आणि आसातनं सरळ पलीकडच्या चाकात उडी मारत होती. मोटरीपर्यंत कशाला जाईल?

पण ती चाकं म्हसूचा गर्व होती. आस आणि चाकं त्यानं एका तापात जोडली होती. "माझी चाकं ब्रह्मदेव आला तरी सुटायची न्हाईत," असं तो जत्रेत छाती ठोकून सांगायचा. आता स्वतःच्याच हातानं ती सोडवायची होती. त्यानं शेटला शिवी घातली, विजेला घातली, एक स्वतःलाही घातली. आणि आसाला करवत लावली.

घरात म्हशीचं जुनं शिंग पडलं होतं. शिंगातनं वीज जात नाही. त्याची कडी घासून त्यानं एका बाजूच्या प्रत्येक चाकाच्या आणि आसाच्या मधी ठोकून बसवली. पोटाखालची जीभ कापली, आणि त्याच पितळेच्या पत्त्या त्या चाकांना घासतील अशा लावून तिथनं तार मोटरीला नेली. आता जे चाक पळणार, तेच वीजही उचलणार.

जत्रा भरली. दोरी नव्हती. खालची आळी पुढं, वरची आळी पुढं, सगळीच पुढं. शेट रुळाच्या कडेला खुर्ची टाकून बसला. म्हसूनं तार जोडली आणि इंजिन सुटलं. दोन पट्ट्यांवर!

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!" लोकांना एवढा आनंद झाला की त्यांनी गाडीवर गुलाल उधळला. ओंजळीनं उधळला. रूळ लालेलाल झाले. गाडी अर्धा फेरा गेली, कण्हली आणि उभी राहिली. आधी ती पितळी जीभ गुलाल खरवडत जायची. आता चाकांवर त्याचा थर बसला आणि वीज तुटली.

शेट मांडीवर थाप मारून हसला. "आण रे इंजिन दारात!"

म्हसूचं डोकं फिरलं. गुलालवाल्यांच्या अंगावर तो हात उगारून धावला. पण मधेच थांबला. त्यानं डोक्याचा पटका सोडला, गुडघ्यावर बसला, इंजिनाची चाकं पुसली आणि मग पट्टी पुसायला लागला.

"वाकला! शेवटी वाकला बघा!" शेट ओरडला.

"पट्टीम्होरं वाकलोय," म्हसू मान वर न करता म्हणला. "तुझ्याम्होरं न्हाय."

पण पट्ट्या दोन आणि माणूस एक. कोंडिबा येऊन बसला. मग वरच्या आळीतली एक म्हातारी पदर खोचून दुसऱ्या पट्टीला भिडली. पुसत पुसत ती खुर्चीपाशी आली.

"पाय काढा शेट पट्टीवरनं. दिसत न्हाय व्हय, काम चाललंय?"

शेटनं पाय काढला. बघता बघता एका पट्टीला खालची आळी बसली, एका पट्टीला वरची. कुणाचं उपरणं, कुणाची टोपी, कुणाचा रुमाल. इंजिनानं हिसका दिला आणि गाडी निघाली. पोरं किंचाळत तिच्यामागं पळाली.

शेट उठला. जाता जाता म्हणला, "असं किती वर्सं पुसत बसाल रे?"

"गाडी पळवायची हाय तवर," म्हसू म्हणला, आणि पटका झटकून पुढची पट्टी पुसायला लागला.

तात्पर्य: डोक्यावर बसणाऱ्या मधल्याला खुशाल उपटून फेका, पण त्याचं काम मग स्वतः, गुडघे टेकून, रोज करायची तयारी ठेवा. नुसत्या रागावर गाडी पळत नाही.