गुलाबाची उंच फांदी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलं होतं. तरी सांगते. हळूच ऐका.

एका राज्यात राणीने लावलेली बाग होती. राणी वारली, आणि राजाने दवंडी पिटवली, "तिच्या हातच्या झाडाची काडीही कुणी तोडू नये!" सात वर्षांत बागेचं रान झालं. त्या रानाच्या सावलीत एक चेटकीण येऊन राहिली. छाटणीसाठी गुपचूप शिरलेल्या गोंदाजी माळ्याला तिने झुडूप करून टाकलं.

त्याची लेक साळू बापाची कात्री घेऊन निघाली. बागेच्या दारात शिंपी पक्षी पान शिवत बसला होता.

"पक्षीराजा, माझे बाबा कुठे?"

"मोगरा, जास्वंद, गुलाब. तिघांतला एक. दिवस मावळायच्या आत तिन्ही गुडघ्याइतकी छाट. एक फांदी जरी उंच राहिली, तर बाप कायमचा झाड."

"आणि चुकीची कापली तर?"

"माळ्याची पोर ना तू? मला काय विचारतेस? मी शिंपी."

साळूने मोगरा छाटला. मोगरा मोगराच राहिला. जास्वंद छाटली. आतून सात वर्षांचा काळोख निघाला आणि उडून गेला.

उरला गुलाब. म्हणजे बाबा यातच. बाबा म्हणायचे, "कोंब फुटतो तो फांदीचा डोळा. बाहेर बघणारा डोळा शोध, त्याच्या वर तिरका काप दे, जखमेवर शेण लाव." तिने तसंच केलं. शेवटी एकच उंच फांदी उरली. तिच्यावर लालभडक फूल होतं.

"ही राहू दे ना! हिला फूल आहे," साळू म्हणाली.

"राजाही असंच म्हणाला होता," पक्षी म्हणाला.

सूर्य डोंगराला टेकला. साळूने डोळा शोधला, आणि कात्री चालवली.

मावळतीचं ऊन सात वर्षांनी मातीला लागलं. चेटकीण दवासारखी विरली. गुलाबातून शेणाने माखलेला गोंदाजी उठला आणि ओठ चाचपू लागला.

"पोरी, माझी मिशी कुठे गं?"

"बाबा, ती उंच राहिली होती."

राजा धावत आला. मोकळ्या बागेत त्याला राणीचा दगडी पाट दिसला. तो त्यावर बसला आणि म्हणाला, "गोंदाजी, कात्री कशी धरायची ते मला शिकव." तेव्हापासून त्या राज्यात दर माघात दवंडी पिटतात, "छाटा हो, छाटा!"

आणि मिशी? ती चैत्रात परत फुटली. पण कोवळ्या उन्हात गोंदाजी हसला, की तिच्या टोकाला एक इवलीशी लाल—

हो, आले गं आत्या, आले!