निम्म्यावर मिटलेला खटला

“पण अप्पा, यात वावगं काय आहे?”

शिवदास बिडवे विम्याच्या कार्यालयातून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस. मांजरा नदीकाठच्या मठात तो काही मागायला येत नसे. यायचा, आपलं शहाणपण सांगायचा आणि जायचा. मठातले म्हातारे सांबअप्पा शेंगा फोडत ऐकून घ्यायचे.

“ही कंपनी गरिबांना खटले लढायला पैसा पुरवते. हरले तर कंपनीचा पैसा बुडाला. जिंकले तर भरपाईत कंपनीचा वाटा. मी तिचे शेअर घेतलेत. त्यांना न्याय, मला नफा.”

“छान की!” अप्पांनी मूठभर दाणे त्याच्यापुढं सरकवले. “मग आलास कशाला?”

शिवदासनं दाण्यांना हात लावला नाही.

“परवा कंपनीनं पैसा पुरवलेला एक खटला मिटला... कारखान्यात बॉयलर फुटून अकरा कामगार गेले होते, त्यांच्या बायकांचा. नऊ वर्षं चालला. मी सगळे कागद वाचलेत, अप्पा. जिंकणारच होत्या! आणि निकाल महिन्यावर आला असताना बायांनी तडजोड केली. मागितलं होतं त्याच्या निम्म्यावर. शेअर धाडकन खाली.”

“हं.”

“पेपरात फोटो आला. त्यांच्यातली एक, गिरजाबाई लोखंडे म्हणून... हसत होती.”

“मग?”

शिवदासनं आवाज खाली आणला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“मला तिचा राग आला, अप्पा. तिच्या हसण्याचा.”

अप्पांनी नुसता हात पुढं केला. शिवदासनं मोबाइलवर तो फोटो उघडून दिला. अप्पांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि खुदकन हसले.

“कुणाला भरवतीये रे ही?”

“कारखान्याच्या वकिलाला. पेढा.”

“जिंकलं कोण?”

“कुणीच नाही. तडजोड झाली म्हटलं ना!”

“मग पेढा कशाचा?”

शिवदासनं मोबाइल परत घेतला आणि पुन्हा फोटोत बघितलं.

परवापासून हा फोटो त्यानं दहादा पाहिला होता. पण हसता हसता बाईचे डोळे मिटलेत, तो वकीलही पार लाजलाय, मागं एकीनं गिरजाबाईचा पदर घट्ट धरून ठेवलाय, हे त्याला आत्ता दिसलं. बघता बघता त्यालाही हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

शेअर ठेवू का विकू, एवढंच विचारायला तो आला होता. आलाच आहे तर विचारावं म्हणून विचारलंही.

अप्पा धोतरावरची टरफलं झटकत उठले.

“त्या गिरजाबाईचं गाव किती लांब?”

“दीड तास.”

“मग उन्हं उतरायच्या आत पोचशील.”