गेनूची खाज आणि पडवळांचा गाल

एका गावात एक भोळा गुराखी होता, गेनू त्याचं नाव. म्हैस रेकली की हा 'ओ' द्यायचा, एवढा भोळा! भावाने त्याला शहरात आपल्या फ्लॅटवर आणलं. वहिनीने त्याला उठता-बसता साबणाने अंघोळ करायला लावली, आणि थोड्याच दिवसांत गड्याला अशी खाज सुटली की विचारू नका.

त्यात रविवारी शेवंताचे वडील मुलगा बघायला येणार. जत्रेत शेवंताला पाहिल्यापासून गेनूचा तिच्यावर जीव जडलेला.

"असा खाजवत बसलास तर मुलगी कोण देईल रे?" म्हणत वहिनीने त्याला डॉक्टरकडे पिटाळलं.

डॉक्टर म्हणाले, "गावी तुझ्या कातडीवर तऱ्हेतऱ्हेचे चांगले जंतू नांदत होते. कातडीची राखण करायचे. इथे बंद खोली आणि सारखा साबण, बरेचसे गेले बिचारे. साबण कमी कर. माती, गुरं, गावची माणसं, यांना जरा अंग लागू दे."

"लागू देतो की!"

गेनू तडक दूधवाल्याच्या गोठ्यात गेला. म्हशीला पाठ घासली, पोट घासलं, शेणात लोळला आणि घरी येऊन नव्या सोफ्यावर बसला.

वहिनी किंचाळलीच. "अरे मेल्या! बाहेरून काही आलं की आधी दारातच साबणाने धुवायचं!"

"बरं वहिनी, ध्यानात ठेवतो."

रविवारी तिने त्याला पाहुण्यांसाठी जिलेबी आणायला धाडलं. गेनू बादली घेऊन दारात बसला आणि एकेक जिलेबी साबण लावून खसाखसा धुतली. पाक निघेना, म्हणून ब्रश मारला.

वहिनीने कपाळावर हात मारला. "अकलेच्या कांद्या! बाहेरून आलेलं धुवायचं नसतं. दारातच चाखून बघायचं, बिघडलेलं नाही ना, आणि मग आत घ्यायचं!"

"असं होय! आधी सांगायचं नाही का?"

तेवढ्यात बेल वाजली. वहिनी स्वयंपाकघरात पळाली, गेनूने दार उघडलं. दारात शेवंताचे वडील रामजी पडवळ, डोक्याला पटका आणि अंगाला गोठ्याचा वास. गेनूला भरूनच आलं. आधी डॉक्टरांचा शब्द पाळला: पडवळांच्या पाठीला पाठ लावून खालीवर मनसोक्त घासली. मग वहिनीचा पाळला: त्यांचे खांदे धरले आणि दाढीपासून कानापर्यंत लांबच लांब जीभ फिरवली.

"वहिनी," तो आत वळून ओरडला, "जरा खारट आहेत, पण बिघडलेले नाहीत. आत घेऊ का?"