चिमाईच्या झऱ्यावरची नाचण

आमच्या आज्याच्या आज्याला दुधाचे दातही फुटले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. कुंभळवाडीचा झरा त्या चैत्रात ठणठणीत आटला. पाणाड्याने उंबराची काटकी फिरवून जागा दाखवली ती नेमकी पाटलाच्या दारात. बरं सापडलं त्याला पाटलाचंच दार! तीन पुरुष खोल खणलं, तर खाली कातळ. आता आठ दिवसांत पाणी मिळालं नाही, तर वाडी उठणार होती.

तेव्हा कारवी तोडणारी चिमाई म्हणाली, पाणी घळीत आहे. कशावरून? तर म्हणे तिथे नाचण आहे. लोक हसले.

नाचण बघितलीय का कधी? चिमणीहून लहान, काजळीच्या रंगाची, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया. शेपटीचा पंखा उघडते, मिटते, गिरकी घेते. घटकाभर गप बसेल तर शपथ. दाट सावलीत राहते आणि चिलटं खाते. सगळं रान करपलं तरी ही बया घळ सोडून गेली नव्हती. ओलीशिवाय चिलटं होत नाहीत, हे चिमाईला कळलं. पाणाड्याला नाही कळलं.

मग सगळी वाडी कुदळी घेऊन धावली. ओल निघाली कारवीच्या जाळीखाली, आणि त्याच जाळीत घरटं! कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली इवली वाटी, आत दोन पिल्लं. चिमाई आडवी बसली.

पाटील कडाडले, "चिमे, माणसांचे घसे वाळलेत. पाखराचं काय घेऊन बसलीस?"

"पाणी तिनं दाखवलं, पाटील. तिचंच घर मोडू? दोन दिवस द्या. नाही लागलं, तर कोयता मीच घालते."

दणक्याने घरटं हलेल म्हणून तिने लोखंड लावलंच नाही. उताराच्या अंगाने पालथी पडून करवंटीने माती उकरत राहिली. असं म्हणतात, तिची दहाही नखं गेली, आणि वर नाचण थांबायचं नाव न घेता गात होती.

दुसरा दिवस कलला. चिमाईने रक्ताळल्या हाताने कोयता उचलला. आणि पिल्लू उडालं! खालच्या दगडावर टेकलं, एवढीशी शेपटी उघडली, आणि त्या दगडाखालून मनगटाएवढी धार उसळली! पाटील ओंजळ धरून वाकले, तर चिमाईने त्यांना हाताने मागे सारलं आणि पहिली करवंटी भरून जाळीखाली ठेवली, असं म्हणतात.

ती करवंटी दर चैत्रात आजही ठेवतात. गेल्या साली झऱ्यापर्यंत रस्ता करायला जेसीबी आला. घरट्यात अंडी होती. जेसीबी पंचवीस दिवस जागेवर उभा. ड्रायव्हर शिव्या घालायचा; वाडी त्याला दोन वेळ जेवू घालायची.

सव्विसाव्या दिवशी त्यानेच जाळीत वाकून बघितलं आणि मग चावी फिरवली.