बाळनाथनं लावलेल्या चिठ्ठ्या

द्राक्षांच्या मुलखात, एका गावात एक भोळा गडी होता. नाव बाळनाथ. इतका भोळा, की त्याच्यावर रागवायचीसुद्धा लाज वाटावी. त्याची बायको मथुरा मात्र हुशार. ती द्राक्षाचा रस काढून काळ्या काचेच्या छोट्या बाटल्यांत भरायची.

एकदा भागवतबुवांनी नातीच्या लग्नासाठी चाळीस बाटल्या सांगितल्या. बुवांचं सगळं घर माळकरी. ते म्हणाले, "बाटलीवर दारू नाही असं स्पष्ट लिहा. नाहीतर माल परत." मथुराला घोर लागला. हे काम जमलं तर तिचा धंदा उभा राहणार होता.

ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाटल्यांवर 'यात दारू नाही' अशा चिठ्ठ्या लावा."

"कळलं."

त्यानं तेलाच्या बाटलीवर लावली. फिनेलच्या बाटलीवर लावली. एक उरली, ती शेजारच्या रंगनाथनं कडब्यात लपवलेल्या बाटलीवर लावली. रंगनाथच्या सासूनं ती वाचली आणि विश्वासानं ग्लासभर घेतली. म्हातारी दिवसभर ओसरीवर एकटीच फुगडी घालत होती.

मथुरानं कपाळावर हात मारला. "अहो, आत काय आहे ते बघून लिहावं! थोडं असलं तर थोडं लिहावं."

"कळलं."

दुसऱ्या दिवशी थोरल्या भावानं त्याच्याबरोबर दुधाची किटली डेअरीत पाठवली. बाळनाथनं तिच्यावर चिठ्ठी लावली, 'यात दूध बरंच, पाणी थोडं.' भाऊ काठी घेऊनच आला.

"दुसऱ्यांचं राहू द्या," मथुरा रडकुंडीला आली. "आपला रस तेवढा बघा. उन्हानं आंबला असला तर बुवांचा नेम मोडेल. वरवर बघू नका. एकेक बाटली चाखा, पुरती खात्री करा, मगच चिठ्ठी लावा. आज लग्न, मी पुढं मांडवात जाते."

"कळलं."

बाळनाथनं पहिल्या बाटलीतला घोट घेतला. गोड होता. पण तळाशी काय असेल, कुणास ठाऊक!

दुपारी तो चाळीस बाटल्या डोक्यावर घेऊन मांडवात आला. बुवांनी चिठ्ठी वाचली, 'तळापर्यंत तपासलं. यात दारूचा थेंब नाही.' बुवा खूश झाले. त्यांनी व्याह्यांच्या पेल्यात बाटली उलटी केली. मग दुसरी केली. मग तिसरी.

"अरे, यात रससुद्धा नाही!"

"नाहीच बुवा," बाळनाथ ढेकर देत म्हणाला. "चाळीसातल्या एकीतही नाही. पुरती खात्री केलीय."