राजाचा जीव आणि सुपारीएवढे कासव

एका राज्यात मानाच्या कोणत्याही वस्तूला जमिनीचा स्पर्श होऊ देत नसत. राजाच्या पायाखाली पायघड्या, त्याच्या घोड्याच्या टापांखाली गालिचा, आणि राजाच्या ताटातले शीत सांडले तर सेवक ते हवेतच झेलायचा. असे का, हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून सगळे ते मोठ्या निष्ठेने पाळत.

या राज्याचा राजा धवलकेतू. मनाने चांगला, पण भारी घाईचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, याच्या तर दोन्ही गुडघ्यांना होते. एकदा कालनाभ नावाचा जादूगार दरबारात आला. राजा म्हणाला, "आज कोय लावा आणि सूर्यास्ताच्या आत मला आंबा द्या."

"महाराज, आंब्याला त्याचा वेळ द्यावा."

"वेळ माझ्याकडे नाही."

जादूगाराने मान डोलावली. राजाच्या छातीला बोट लावले, तिथून त्याचा जीव काढला आणि झोळीतल्या कासवाच्या पिल्लात ठेवला. राजा आसनावर लवंडला. श्वास चालू होता, डोळे मिटलेले होते.

ते सुपारीएवढे पिल्लू जादूगाराने राणी कुमुदिनीच्या हातावर ठेवले. "राणी, ज्या दिवशी हे तुझ्या ओंजळीत मावेनासे होईल, त्या दिवशी राजा उठेल. हे दगावले तर राजाही दगावेल." एवढे बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

आता राजाचा जीव म्हणजे मानात मान. राणीने कासवासाठी मखमलीची गादी केली. ऊन लागू नये म्हणून वर छत्र धरले. चांदीच्या वाटीत केशरी खीर ठेवली, साजूक तुपातला भात ठेवला. कासवाने खीर खाल्ली, भात खाल्ला, आणि महिनाभरात ते मान वर उचलेना. राणीने पाठीवर बोट ठेवले तर कवच दबले. धावत जाऊन तिने राजाची पाठ चाचपली, तर राजाचे हाडही दबत होते. राणी घाबरली. तिने खिरीत बदाम वाढवले, छत्र दुहेरी केले. कवच आणखी मऊ झाले.

जेवढे जपावे तेवढे बिघडते, हा काय प्रकार आहे हे राणीला उमगेना. ती गच्चीवर जाऊन रडत बसली. तिथे एक टिटवी अंडी उबवत होती.

"राणी, पिल्लू मारायला काढले आहेस का?" टिटवीने विचारले.

"मी त्याला जिवापाड जपते आहे."

"तेच म्हणते मी. तीन कामे सांगते. एक, त्याला मातीत सोड. सकाळचे ऊन दे, दुपारी सावली दे. खायला पाला दे, खीर नको. दोन, समुद्रकाठचे समुद्रफेन, म्हणजे माकुळाचे वाळलेले हाड, आणून त्याच्यापुढे ठेव. तीन, वाट पाहा. तिसरे सर्वांत अवघड आहे."

राजाचा जीव मातीत सोडायचा? प्रधानाने कानांवर हात ठेवले. आकाशात घारी फिरत होत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी राणीची गत झाली. शेवटी तिने डोळे मिटले, कासव अंगणात ठेवले आणि वर बांबूचे विरळ डालगे पालथे घातले. राज्यात पहिल्यांदाच मानाची वस्तू जमिनीला लागली. आभाळ कोसळले नाही. कासवाने पाय ताणले आणि ते माती उकरू लागले.

दुसऱ्या कामाला राणी स्वतः निघाली. बारा दिवस चालून समुद्रापाशी पोचली. समुद्र म्हणाला, "लोक मोती मागतात. तू किनाऱ्यावरचे हे पांढरे हलके तुकडे मागतेस. कशासाठी?"

"मलाही नीट कळलेले नाही. टिटवीने सांगितले."

समुद्राने एक लाट मागे घेतली, राणीने ओटी भरून घेतली. ती परतल्यावर कासव ते तुकडे कुरतडू लागले आणि कवच घट्ट झाले. राजाची हाडेही घट्ट झाली. राणीला इतका आनंद झाला, की ती अंगणातच हसली आणि अंगणातच रडली.

मग तिसरे काम. एक वर्ष गेले, कासव लिंबाएवढे झाले. दुसरे वर्ष गेले, तरी ते लिंबाएवढेच दिसे. राणी रोज ओंजळीत धरून पाही आणि रोज तिची ओंजळ रिकामीच वाटे. तेव्हा राजवैद्य गदाधर म्हणाला, "राणीसाहेब, डाळीचा लाडू आणि अंडे द्या. सहा महिन्यांत काम होईल." टिटवीचे शब्द राणीला आठवत होते. तरी तिने लाडू दिला.

कासव झपाट्याने वाढले. राणी हरखली. एके दिवशी राजाची कूस बदलताना सेविका किंचाळली. राजाच्या पाठीवर उंचवटे उठले होते. कासवाच्या कवचावरही तसेच, एकेका चौकटीचे टेकाड झालेले. राणीने लाडू उकिरड्यावर टाकला. नवे उंचवटे थांबले, जुने मात्र गेले नाहीत. त्यानंतर राणीने कासवाला मोजणे सोडले. तिने नुसते पाळले.

असे एकूण सात वर्षे चालले. एका सकाळी राणीने कासवाला उचलले, तर ते ओंजळीबाहेर आले. आत महालात राजाने डोळे उघडले. जादूगाराचा शाप फिटला. नगारे वाजले, राजा काठी टेकत अंगणात आला.

"माझी पाठ अशी का झाली?"

"मी घाई केली, महाराज. दोष माझा आहे."

राजाने पाठीवर हात फिरवला. मग प्रधानाकडे वळून तो म्हणाला, "राणी दमली आहे. उद्यापासून हे कासव तुम्ही सांभाळा."

राणी म्हणाली, "सांभाळा. ऐकून घ्या. उजाडल्यावर कोमट पाण्यात बसवायचे, पाणी हनुवटीखाली राहील इतकेच. मग ऊन, पण एका बाजूला सावली हवी, कुठे बसायचे ते त्याचे ते ठरवते. शेवग्याचा पाला, दूर्वा, तुतीची पाने, कधी जास्वंदीचे फूल. कोमेजलेले नको. थंडीत माती गार पडली तर उबेला घ्यायचे. मान आत घेऊन बसले तर त्याच्याजवळ बसून राहायचे. का ते मला माहीत नाही, मी बसत असे."

प्रधान गोंधळला. "पाणी आधी की पाला आधी?" त्याने विचारले.

राजा मात्र प्रधानाकडे पाहत नव्हता. "हे सगळे रोज?"

"रोज."

"सात वर्षे?"

"हो, महाराज."

कुणाचे आभार मानायची राजाला सवय नव्हती. "राणी, मला काही सुचत नाही," तो म्हणाला.

"मग पाला तोडून आणा," राणी म्हणाली. "त्याची वेळ झाली आहे."

राजा हळूहळू शेवग्याकडे गेला. त्यांचे जसे सावकाश सावरले, तसे तुमचेआमचे सावरो.